देवकाबाईंच्या खांद्याची कप्पी

मित्रांनो, मी विहिरीवरची एक जुनी लोखंडी कप्पी आहे. १९७१ साली आंजी गावच्या रूपरावांनी मला वर्ध्याहून आणले. बायांनी दोर ओढून पाहिला आणि "हलकी चालते" म्हणाल्या. ते कौतुक मी अकरा वर्षे पुरवून वापरले. मग घराजवळ हापसा बसला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. तिथे एक कोंबडी माझ्यावर अंडी घालू पाहायची. मी गोल, त्यामुळे तिचे काही जमले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कापसाची वेचणी संपली आणि रूपरावांच्या पत्नी देवकाबाई यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. त्यांचा अंबाडा रूपराव घालू लागले. आयुष्यभर बैल बांधलेला तो हात! अंबाडा कधी सुटत नसे. संध्याकाळी सोडायला दोन शेजारणी लागत. बाजारात बाया पदराआड हसल्या, तेव्हापासून देवकाबाईंनी बाहेर पडणेच सोडले.

वैशाखात आष्टीला त्यांच्या भाचीचे लग्न होते. बिनआईची पोर, त्यांनीच वाढवलेली.

"मी नाई येत," त्या म्हणाल्या. "हात वर होत नाई. तिले ओवाळू कशी?"

रूपराव त्यांना हाडवैद्य तानबाकडे घेऊन गेले. तानबाने खांदा बराच वेळ चाचपला.

"ओढा न एकदा, सुटून जाईन," रूपराव म्हणाले.

"ओढीन त हात माह्या हातात येईन," तानबा म्हणाला. "हाड जाग्यावर हाय, सांधा आखडला. दवाखान्यात ने."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारले, "घरी कप्पी आहे का?" ती दारावर टांगायची. चांगल्या हाताने दोर खाली ओढायचा, म्हणजे दुखरा हात आपोआप वर जातो. फार दुखले की थांबायचे. पण रोज दोनदा करायचे.

अशी मी गोठ्यातून ओसरीच्या दारावर आले. गंजले होते, पहिल्याच ओढीला केवढ्याने तरी कुरकुरले. तो आवाज म्हणजे पाणी, हे गाईच्या डोक्यात पक्के बसलेले. ती धावत आली आणि दारात मान घालून उभी राहिली.

"अवो, इले पाणी दाखवा आंधी," देवकाबाई म्हणाल्या. "मंग मी हात वर करतो."

रूपराव मोजायला बसत. वीस वेळा ओढायचे होते. पण तेराच्या पुढे त्यांना डुलकी लागे आणि जागे झाले की ते पुन्हा एकपासून सुरू करीत. देवकाबाई दात खाऊन ओढत राहत. चार महिन्यांत खांदा सुटला. त्यात निम्मे श्रेय त्या डुलकीचे, असे मला वाटते.

लग्नाला निघायच्या दिवशी रूपराव फणी घेऊन तयार होते. देवकाबाईंनी दोन्ही हात हळूहळू मानेमागे नेले. अंबाडा बसला.

"वाकडा झाला," रूपराव म्हणाले.

"असू द्या. माह्या हातचा हाय."

रूपरावांनी फणी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "मंग मी काय करू आता?"

देवकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा पाटावर बसल्या. "तेल लावून द्या. तेवढं चांगलं लावता तुमी."

एस.टी. चुकता चुकता राहिली.

मित्रांनो, आता खांदा आखडलेल्या तीन शेजारणी माझा दोर रोज ओढतात. एवढेच सांगते: आखडलेल्याला हिसका देऊ नका आणि कोपऱ्यात टाकूनही देऊ नका. जाणत्याला विचारा, रोज थोडे हलवा. आणि मोजायला कोणीतरी आपले माणूस बसवा. ते झोपले तरी चालेल.