फोटोत दिसणारी नळी

मी एक्स-रे काढते. चौदा वर्षं तेच तोंडात, "श्वास रोखा, हलू नका, सोडा." जे फोटोत दिसत नाही त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. हीच खोड मला नडली.

माझी लेक, घरात आम्ही तिला वटवट म्हणतो, आठ महिन्यांची असताना तिच्या डोक्यात पाणी साठायला लागलं. ते उतरवायला कानामागून, मानेतून थेट पोटापर्यंत कातडीखालून नळी घालायची होती. डॉक्टरांनी दोन नळ्या दाखवल्या. एक पारदर्शक आणि एक पांढरी, बेरियम मिसळलेली, म्हणून एक्स-रेत दिसणारी.

"पारदर्शक जास्त वर्षं मऊ राहते, असा माझा अनुभव," ते म्हणाले.

"पण ती दिसणार नाही ना! मला पांढरीच हवी."

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टरांना ठरवू दे की." त्याला मी गप्प बसवलं.

नऊ वर्षं ती पांढरी रेघ मी डोळ्यांत तेल घालून बघितली. वटवटीनं जरा कुरकुर केली, की जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न विचारता, तिला मशीनसमोर उभी करायची. रेघ अखंड दिसली की म्हणायचे, "काही झालेलं नाही, पळ." मग डबा घशाखाली उतरायचा. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "अहो, पोर आहे ती, भिंत नाही!" तरी माझं थांबलं नाही.

एक दिवस दुपारी शाळेतून फोन आला. उलट्या करून ती बाकावर डोकं टेकून बसली होती, एक शब्द बोलत नव्हती. ही पोरगी झोपेतही इतकी गप्प नसते हो.

या वेळी फोटो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काढला, पण काढला मीच. "श्वास रोख," म्हटलं आणि बटण दाबलं. पडद्यावर रेघ मानेत तुटलेली, मध्ये दोन बोटं अंतर. वर पाहिलं तर काचेपलीकडे वटवट लालबुंद. "सोड" म्हणायचं मी विसरलेच होते.

"नळीवर क्षार चढले, ती मानेला चिकटली," डॉक्टर म्हणाले. "पोर वाढत गेली तसा ताण आला. बेरियमच्या नळीत हे जास्त होतं, असं बरेच जण म्हणतात. पण पारदर्शकही तुटते."

"म्हणजे माझ्यामुळे का, ते सांगा ना!"

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मानेतला तुकडा निघणार नाही, तिथंच राहील. नवी कुठली घालू?"

दिसणारी तुटली होती, आणि न दिसणारीवर माझा विश्वास नव्हता. "पारदर्शक," मी म्हटलं.

नवी नळी घातल्यावर चार दिवसांनी वटवट दवाखान्यातल्या पलंगावर बसून शेजारच्या बाईचं डोकं खात होती. मी नवा फोटो उजेडात धरला. नळी कुठेच दिसेना. मानेतला जुना तुकडा तेवढा पांढराफटक.

"आई, नवी कुठाय यात?"

"दिसत नाही."

"मग बिघडली तर तुला कळणार कसं?"

"तू सांगायचंस."

"महिनाभर सांगतच होते की, मान ओढतेय म्हणून. तू म्हणायचीस, फोटोत काही नाहीये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो पालथा ठेवला, तिच्याजवळ सरकले आणि विचारलं, "आत्ता ओढतेय का गं?"