पूनमचा उजवा खांदा

चेंडू अजून हलत होता. छताच्या हुकाला इलॅस्टिकने टांगलेला, एका बाजूने सोललेला, हिरवा की पिवळा हे आता कुणालाच सांगता येणार नाही असा टेनिसचा जुना चेंडू – आणि त्याच्या खरबरीत अंगाला चिकटलेला कापसाचा एक बारीक पुंजका. दिवाळी झाली की मागच्या जिनिंग कारखान्यातून हा कापूस सगळीकडे शिरतो, सतरंजीवर, केसांत, पाण्याच्या बाटलीत. या पत्र्याच्या हॉलमध्ये कराटे शिकायचं तर तो नाकातोंडात जाणारच, असं शेखर सर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. मंजुश्रीने पुंजका काढायला हात पुढे केला, तर चेंडू नेमका बाजूला सरकला. घ्या, आता हाही हुलकावणी देतो.

सकाळची बॅच संपून पोरं घरी गेली होती. तिने चेंडूला ठोसा मारला – तो लांब गेला, परत आला, तिचा हात आडवा यायच्या आत कानाला घासून गेला. पुन्हा. पुन्हा कानालाच. चेंडूचं हेच वाईट, तो निघायच्या आधी काही सांगत नाही. माणूस सांगतो... म्हणजे पूनम सांगायची. उजवा हात सुटायच्या आधी पूनमचा उजवा खांदा कळेल न कळेल एवढा वर यायचा, श्वास घेताना यावा तसा, आणि तो वर आला की मंजुश्रीचा हात आपोआप तिथे जाऊन थांबलेला असायचा, जिथे ठोसा येणार होता. ही खूण तिने कुणाला सांगितली नव्हती. पूनमला तर नाहीच. सांगितलं तर ती सावध होईल, खांदा आवरेल, मग आपल्याजवळ काय उरलं? सातवीपासून दोघी समोरासमोर उभ्या, पूनम वडनेरहून इथे नांदुऱ्याला एसटीने यायची, आणि बघणारे म्हणायचे, या मंजुश्रीचा हात दिसतच नाही बाप्पा.

मग उन्हाळ्यात पूनमचं लग्न झालं, ती मेहकरला गेली. आणि पावसाळ्यात बुलढाण्याच्या निवड चाचणीत एक हडकुळी, कधी न पाहिलेली मुलगी समोर आली. मंजुश्री तिच्या खांद्याकडे बघत राहिली, खांदा जागचा हलला नाही, आणि ठोसे येत गेले. बुलढाण्याहून ती आधीही हरून यायची, पण इथे पूनमसमोर उभी राहिली की ते विसरायला व्हायचं; या वेळी पूनम नव्हती.  परतीच्या एसटीत मोताळा गेल्यावर शेखर सर म्हणाले, "तू हात पाहूनच नाही राह्यली, मंजू. तू तिच्यात पूनमले शोधून राह्यली होती."

रविवारी पुन्हा चाचणी. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सर म्हणतात वेग वाढवायचा तर रोज नव्या माणसासमोर उभं राहा, पण नवा माणूस आणायचा कुठून? मुली सगळ्या लहान. संध्याकाळच्या बॅचची मोठी पोरं ताईला लागू नये म्हणून असा ठोसा मारतात की वाटेत चहा पिऊन यावं. राहिला हा चेंडू. आई रोज विचारते, त्या चेंडूसंग बोलतं काय वं तू? बोलते. कुणाशी बोलू? पूनमला फोन लावला तर मागे कुकरची शिट्टी असते, सासूची हाक असते, 'ठेवतो वं मंजू' असतं, आणि फोन ठेवल्यावर आपण काय सांगायला लावला होता ते आठवत बसावं लागतं. एकटं वाटतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, एकटं वाटतं.

"अजून त्यालेच मारून राह्यली काय?"

दारात पूनम होती. हातात पिशवी, अंगाने थोडी भरलेली, मनगटभर हिरव्या बांगड्या. माहेरहून मेहकरला परत निघाली होती, नवरा स्टँडवर गाडी बघत होता, तोवर आली होती. मंजुश्रीला कितीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "उभी राह्य न समोर. दोन हात कर."

"अवं बांगड्या फुटतीन." पण पूनम हसत होती. बांगड्या तिने कोपराकडे सरकवल्या, वर रुमाल गुंडाळला, ओढणी कमरेला बांधली, चपला काढून सतरंजीवर आली. दोघी वाकल्या. आणि – खांदा वर आला, हात गेला, ठोसा अडला. पुन्हा खांदा, पुन्हा हात. अंगातून काहीतरी सैल होत गेलं, इतक्या महिन्यांनी. आहे, अजून आहे. गेलेलं नाही कुठे. त्या आनंदातच तिच्या तोंडून निघून गेलं – बुलढाण्याचं, त्या हडकुळीचं, रविवारी पुन्हा चाचणी आहे तेही. "तिचा खांदाच नाही हलत वं. तुहा कसा हलते."

पूनम रुमाल सारखा करत होती. "माहा कुठी हलते. तो तं मीच हलवत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. पह्यल्या वर्षी तुह्या नाकातून रगत आलं होतं न माह्या हातानं. तवापासून आधी सांगत होती तुले. सवयच पडली, आताही आपसूक गेला." तिने वर पाहिलं. "तुले माहीत नव्हतं?"

रक्त आठवलं. पांढऱ्या ड्रेसवर पडलेलं, आणि घाबरलेल्या पूनमने हॉलच्या कोपऱ्यातली रुई ओरबाडून तिच्या नाकात कोंबलेली – त्या रुईला धुळीचा आणि सरकीचा वास होता. तेव्हापासून? प्रत्येक ठोशाच्या आधी? दरवर्षी बुलढाण्याला एकच मुलगी पाठवायची म्हणून सर इथे दोघींची लढत लावायचे, आणि दरवर्षी पूनम हरायची, हरून दोघींसाठी खारे दाणे आणायला जायची... तेव्हाही? मंजुश्रीला राग आला. भीक घातल्यासारखा एवढा मोठा वेग, आणि तो मी गावभर माझा म्हणून मिरवला. आणि रागाच्या पोटातच दुसरं काहीतरी होतं, ते जास्त दुखत होतं – की इतकी वर्षं कुणीतरी आपल्या नाकाची एवढी काळजी केली, आणि आपण ती चोरून पाहिलेली खूण समजत राहिलो.

"आता नको सांगू," ती म्हणाली.

"लागन."

"लागू दे."

पूनम उभी राहिली. तिचा चेहरा मिटला, ओळखीचं सगळं त्यातून निघून गेलं. खांदा हलला नाही. काहीच हललं नाही. आणि ठोसा नाकापासून बोटभर अंतरावर येऊन थांबलेला होता, रुमालाखाली बांगड्या त्यानंतर वाजल्या. मंजुश्रीचा हात कमरेशीच होता, निघालाच नव्हता. नांदुऱ्यातली सगळ्यात वेगवान मुलगी दुसरीच होती, आणि तिला आता गाडी गाठायची होती.

"लागलं काय वं?"

"नाही."

पूनमचा फोन वाजला. गाडी लागली होती. तिने बांगड्या खाली ओढल्या, पिशवी उचलली, चपला पायात सरकवता सरकवता मंजुश्रीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "रविवारी फोन कर. जिंकली तरी, नाही तरी." मग दारापाशी थांबून, चेंडूकडे बघत, "मले लय आवडत होतं वं इथं," एवढंच म्हणाली आणि गेली. तिला थांबवून विचारायला हवं होतं, तू का नाही जिंकलीस, जिंकली असतीस तर कुठे असतीस आज... पण बाहेर कापसाचे ट्रॅक्टर वजनकाट्यासाठी रांगेत उभे होते, त्यांच्या आड ती दिसेनाशी झाली.

मंजुश्री चेंडूसमोर आली. पुंजका अजून त्याला चिकटलेलाच होता. रविवारी जायचं की नाही हे तिला ठरवता येईना, आणि गेलो तर आपल्याजवळ आपलं असं काय असेल, तेही कळेना. तिने ठोसा मारला. चेंडू लांब गेला. सवयीने डोळे त्याच्या मागे खांदा शोधायला निघाले, आणि वाटेतच थांबले. चेंडू येऊन गालावर लागला. तिने डोळे मिटले नाहीत. तिने पुन्हा मारला, आणि या खेपेला फक्त चेंडूच पाहिला – तो परत येत होता, आणि त्याच्यामागे कुणीच नव्हतं.