खडकाचं पाणी आणि डुकराचा दंड

शंख वाजला तशी सगळी गर्दी गुडघ्यांवर आली. शेजारच्या बेटांवरूनही होड्या भरभरून आल्या होत्या. कुणी चटई आणली होती, कुणी कोंबडी, कुणी मांडीएवढं कोनफळ खांद्यावर टाकून आलं होतं. ब्रदर मासेंगने शंख खाली ठेवला, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि काठी उगारली.

"बायबलातल्या मोशेने काय केलं?"

"खडकावर काठी मारली!"

"आणि खडकाने?"

"पाणी दिलं!"

"मग मारू?"

"मारा, ब्रदर, मारा!"

काठी पडली. मग ब्रदरने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि ती चांगली लांबवली. अखेर जास्वंदीच्या झुडपामागून, खडकाच्या फटीतून धार सुटली. बाया रडू लागल्या, बाटल्या पुढे सरकल्या. थोड्या बाटल्या भरल्या की धार आटायची. खडकालाही दम लागतो, असं ब्रदर सांगायचा, आणि लोकांना ते पटायचं.

गर्दीच्या कडेला दवाखान्याची नर्स लेइनासेई उभी होती. तिच्या हातात रिकामी बादली होती. दवाखान्यात नळ नव्हता. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीतून पाणी वाहायचं, उकळायचं आणि त्यावर बाळंतपणं करायची. मागच्या महिन्यात लेपाकोआचं बाळंतपण झालं तेव्हा ते पाणीही पुरलं नाही. बाळाची नाळ चिघळली आणि व्हिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेणारी बोट येईपर्यंत बाळ गेलं. तीच लेपाकोआ आज पहिल्या रांगेत बाटली धरून बसली होती, दुसरं लेकरू मागत. लेइनासेईला ते बघवेना. तिला रडू नाही आलं, राग आला.

कारण सरकारने दवाखान्यासाठी टाकीचं अनुदान केव्हाच दिलं होतं. ते घेतलं गावच्या पाणी मंडळाने, आणि मंडळाचा अध्यक्ष होता ब्रदर मासेंग. अनुदानाची अट साधी होती: काम झालं की नाकामालात, म्हणजे गावसभेच्या घरात, सगळ्यांसमोर अहवाल वाचायचा, टाकी दाखवायची आणि तिच्यावर 'सरकारी अनुदानातून' अशी पाटी लावायची. ब्रदरने अहवाल वाचला नव्हता. टाकी वादळात बोटीवरून समुद्रात पडली, देवाने टाकी घेतली आणि बदल्यात खडक दिला, एवढंच त्याने सांगितलं होतं.

लेइनासेई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"ब्रदर, अहवाल कधी वाचणार?"

"नर्सबाई, माझा अहवाल वर जातो!" ब्रदरने बोट आकाशाकडे केलं. गर्दी हसली. "हिशेब मागतो तो कोण? सैतान! आणि विश्वास ठेवतो तो?"

"लेकरू!" गर्दी ओरडली.

"बघा, हे लोक म्हणतात, मी नाही," ब्रदर म्हणाला.

"अगं, गप बस की," मागून एक म्हातारी म्हणाली. "खडक कोपला तर तेवढंही पाणी जाईल."

"खडक माझ्यावर कोपतो का बघूच," लेइनासेई म्हणाली. तिने बादली खाली ठेवली आणि ब्रदरच्या पायाशी पडलेला शंख उचलला.

"ए, ठेव तो!" ब्रदरचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तो देवदूतांना हाक मारायचा शंख आहे!"

"मग माझीही हाक ऐकतील."

तिने गाल फुगवून शंख फुंकला. ना काठी, ना प्रार्थना. बराच वेळ काही झालं नाही. ब्रदर हसायला लागला, आणि तेवढ्यात खडकातून धार सुटली.

कुणी बाटली पुढे केली नाही.

"नर्सच्या अंगात आत्मा संचारला!" ब्रदर घाईघाईने ओरडला.

"असेल. मग चला, वर जाऊन त्या आत्म्याला भेटू." ती डोंगराच्या पायवाटेकडे वळली आणि सगळेच जागच्या जागी थांबले. वाटेच्या तोंडाशी नामेलेचं हिरवं पान रोवलेलं होतं. मुखिया कालोरानने, ब्रदरच्याच सांगण्यावरून, देवदूत उतरतात म्हणून ती वाट बंद केली होती. नामेलेचं पान ही बंदीची खूण, ते ओलांडायचं नाही, ओलांडलं तर डुकराचा दंड. या बेटावर दारं उघडी टाकून माणसं झोपतात ती याच पानाच्या भरवशावर.

"पोरी, पान माझ्या हातचं आहे," मुखिया कालोरान म्हणाला.

"म्हणून तर मान ठेवते, मुखियाकाका. दवाखान्यामागे माझं डुक्कर बांधलंय. भावाच्या लग्नासाठी वाढवलं होतं, आता ते तुमचं. दंड आधी, अपराध नंतर. या पानामागे चोर लपला असेल, तर पानाचा अपमान मी करते की तो?"

म्हाताऱ्याने ब्रदरकडे पाहिलं. ब्रदर कपाळाचा घाम पुसत होता. मग मुखियाने वाकून पान स्वतःच उपटलं. "कर नाही त्याला डर कशाला? चला."

वर, झाडीत, पत्र्याच्या छपराखाली हिरवी टाकी उभी होती. तिच्या तोटीपासून निघालेला काळा पाइप मातीत शिरून खाली खडकाकडे गेला होता. तोटीपाशी ब्रदरचा मेहुणा टोम भाजलेला टारोचा कंद खात बसला होता.

"आज दोनदा का फुंकलात, भाऊजी?" पावलं ऐकून त्याने मान वर न करताच विचारलं. "असं केलं तर टाकी रविवारपर्यंत पुरायची नाही."

कुणीतरी हसलं आणि मग हसू डोंगरभर पसरलं. खाली शंख वाजला की वर तोटी उघडायची. पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणून प्रार्थना लांब. एवढाच चमत्कार. टोम बसला होता ती फळी मुखियाने उलटी केली. ती सरकारी अनुदानाची पाटी होती.

लेपाकोआ मात्र हसली नाही. तिने टाकीवर हात ठेवला.

"ही इथे कधीपासून आहे, टोम?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"म्हणजे माझं बाळ होतं तेव्हा होती."

हसणं थांबलं. "देवाची इच्छा, बाई..." ब्रदर पुटपुटला. लेपाकोआने बाटलीतलं सगळं पवित्र पाणी त्याच्या पायांवर ओतलं.

टाकी दवाखान्यामागे आली. ब्रदरला नाकामालात उभं राहून अहवाल वाचावा लागला, आणि त्यानंतर प्रकरण प्रांताच्या पोलिसांकडे गेलं. मुखियाने डुक्कर परत दिलं नाही, दंड तो दंड. पण त्याच दिवशी ते दगडांवर भाजून साऱ्या गावाला वाढलं.

"प्रार्थना खुशाल करा," लेइनासेई अहवालाच्या सभेत म्हणाली. "पण सगळ्यांच्या पैशातून काही आलं, तर ते कुठे आहे, दाखवा म्हणा. हे विचारणं पाप नाही. न विचारण्याची किंमत आपण मोजली आहे. खऱ्या कामाला प्रश्नाची भीती नसते. प्रश्नाला सैतान म्हणणाऱ्याची मात्र वाट तपासा."

शंख आता नाकामालाच्या खांबाला टांगलेला असतो. ज्याला सार्वजनिक कामाचा जाब विचारायचा असेल त्याने तो फुंकायचा आणि सगळ्यांनी जमायचं, असं गावाने ठरवलं. ठरलं त्याच सभेत, शंख टांगला जाताच, लेपाकोआ उठली आणि आपल्या बाळाचा पहिला जाब विचारायला तिने तो खांबावरून काढला.