घड्याळवाल्या ताईंचं लाळेरं

मी एक जुनं लाळेरं आहे. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. पण मी कुठल्या बाळाचं नाही. मी पन्नाशीतल्या एका बाईंचं आहे, आणि त्या घड्याळं दुरुस्त करतात.

त्यांच्या वहिनीने मला शिवलं. वर मऊ सुती चादरीचा तुकडा, आत टॉवेलचे दोन थर. ताईंना मनाचा आजार होता. कोणी नसताना कानात आवाज बोलायचे. नव्या गोळीने ते गप्प झाले, पण तोंडाला लाळेची धार लागली. उशी भिजायची, बोलताना हनुवटी ओली व्हायची. मी इमानाने सारं टिपत असे.

दुकान भावाचं. एक दिवस तो म्हणाला, "ताई, तू आत बसत जा. गिऱ्हाइकांना कसंतरीच वाटतं."

ताई उठून आत गेल्या. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. आठवडाभरात त्यांनी मला खुंटीला टांगलं आणि कोणाला न सांगता गोळी बंद केली. लाळ थांबली. मीही कोरडं ठणठणीत! पण थोड्याच दिवसांत आवाज परतले. ताई कान दाबून टेबलाखाली बसल्या. वहिनीलाही ओळखेनात. मी खुंटीवरून नुसतं बघत राहिलं.

वहिनीने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाळ कमी करता येईल, पूर्ण थांबेलच असं नाही. पण गोळी आपल्या मनाने सोडायची नाही."

गोळी पुन्हा सुरू झाली, आवाज शमले आणि महिन्याने ताई दुकानात आल्या. मला गळ्यात बांधलं आणि टेबल ओढत थेट दर्शनी काचेपाशी नेलं.

"अगं, लोक काय म्हणतील?" भाऊ कुजबुजला.

"घड्याळ नीट चालतं का, ते म्हणतील. नाही चाललं, तर बसव मला आत."

पहिल्याच गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. "हे काय गळ्यात?"

"लाळेरं. औषधाने लाळ सुटते. तुमच्या घड्याळात थेंब पडू नये म्हणून बांधलंय."

तो घड्याळ उचलून चालता झाला. ताईंनी हनुवटी माझ्यावर पुसली आणि पुढचं घड्याळ उघडलं. दुपारी भावाने आतला दिवा आणून त्यांच्या टेबलावर ठेवला.

आता माझा रंग उडालाय, शिवण उसवलीय. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, माझ्यासारखं लाळेरं तुमच्या घरात असेल, तर रोज स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा. मात्र मागच्या दारी लपवून नको. पुढच्या दोरीवर, चारचौघांत!