आधी ड्राइव्ह, मग डिस्क

डीव्हीडीला सीडी म्हणणाऱ्या माणसाशी मी फार वेळ बोलत नाही. पण खालच्या मजल्यावरचा चेतन रविवारी सकाळी जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, "अनंतकाका, बाबांची ती सीडी वाचायची होती. तुमच्याकडे अजून ते मशीन आहे ना?"

ते मशीन! हा मुलगा हिंजवडीत कसलीशी टीम सांभाळतो, पाठीवर दोन लॅपटॉप घेऊन हिंडतो आणि दोन्हींत मिळून डिस्क घालायला एक फट नाही. पातळ करता करता या लोकांनी कामाचं तेवढं सगळं काढून टाकलं.

"मशीन नाही, ड्राइव्ह. सीडी नाही, डीव्हीडी," मी म्हणालो. "आणि तुझ्या त्या क्लाउडवर नाही का सापडत?"

"काका, प्लीज."

मी कपाटातून माझा ड्राइव्ह काढला. वायरीने जोडायचा, वहीएवढा. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळा जन्म काढला, पण असा ड्राइव्ह दुसरा पाहिला नाही. त्याने वाचली ती डिस्क शाबूत, आणि त्याने नाही म्हटलं की विषय संपला. तो आणि माझा जुना लॅपटॉप घेऊन मी खाली गेलो.

चेतनचा बाप सीताराम हा माझा शाळेपासूनचा मित्र. घशाच्या कर्करोगात त्याचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलतो. आवाज गेला, खवचटपणा गेला नाही. उलट पाटीवर जागा कमी म्हणून तो आणखी दाट झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रेमलावहिनींनी कुणा लग्नाच्या शूटिंगवाल्याला घरी बोलावून त्याचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. मला बोलावलं नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावर राहतो, याच विषयात हयात घालवली, आणि मला हे कळलं आठवड्याने, तेही दूधवाल्याकडून. त्या शूटिंगवाल्याने एकुलती एक डिस्क हातात ठेवली आणि दुकान बंद करून गाव गाठलं. मी असतो तर तीन प्रती काढल्या असत्या. पण मला कोण विचारतो! पुढे सीतारामने ती डिस्क कुणाला लावूही दिली नाही.

आता ती हवी होती, कारण फोनवर एक नवी सोय निघाली आहे. आपला जुना आवाज तिला ऐकवायचा, मग आपण लिहिलेलं ती आपल्याच आवाजात बोलून दाखवते. "बाबांचा दुसरा कुठलाच आवाज नाहीये आपल्याकडे," चेतन म्हणाला. "हे रेकॉर्डिंग मिळालं तरच होणार." म्हणजे डिस्क वाचली तर सीताराम पुन्हा सीतारामच्या आवाजात बोलणार, नाही वाचली तर मरेपर्यंत पाटी.

सीताराम खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं नको म्हणणाऱ्या माणसाने आज दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता.

वहिनींनी देवघरातून डिस्क आणली. प्लॅस्टिकच्या डबीवर हळदकुंकवाचे थर. माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, ही डिस्क आहे, नवी नवरी नाही."

"दर दसऱ्याला पूजेत ठेवते, भावजी. ह्यांचा आवाज आहे त्यात."

"यंत्रात कुंकू गेलं की यंत्राचं वाटोळं होतं. श्रद्धा ठीक आहे हो, पण थोडी अक्कलही वाहायची सोबत."

चेतनने खिडकीबाहेर पाहिलं. मी डिस्क उजेडात धरली, मधून कडेकडे अशी मऊ फडक्याने पुसली आणि ड्राइव्हमध्ये घातली. माझ्याकडे वाचनाचा वेग मोजणारा एक प्रोग्राम आहे. ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही ठणठणीत असतील तर पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे शांतपणे चढत जाते. माझा नियम असा, की आधी आपली एक खात्रीची डिस्क घालून ड्राइव्ह तपासायचा आणि मगच दुसऱ्याची डिस्क घालायची. आधी ड्राइव्ह, मग डिस्क. हे मी पोरांच्या पिढ्यांना घोकून घेतलं. त्या दिवशी गरज वाटली नाही. दोष कुठे आहे ते डबीवर लालभडक दिसत होतं.

रेघ उठली, थरथरली आणि कोसळली. ड्राइव्ह आतून करकरला. मी वेग अगदी कमी करून पुन्हा पाहिलं. तेच.

"गेली," मी म्हणालो. "इतकी वर्षं देवघरात धूप खात पडल्यावर दुसरं काय होणार?"

वहिनी मटकन खाली बसल्या. "माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही, म्हणजे दिलंच. सीतारामने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटी ओढली आणि लिहिलं : तुझी घाल.

"माझ्या ड्राइव्हवर शंका?"

त्याने त्याच दोन शब्दांखाली रेघ मारली.

याला पटवून द्यायचंच म्हणून मी वर जाऊन माझी खात्रीची डिस्क आणली, जिला मी माझ्याशिवाय कुणाचं बोट लागू दिलेलं नाही. घातली. रेघ उठली, थरथरली आणि आधीपेक्षा लवकर कोसळली.

चेतनने ट्रे बाहेर काढला आणि वाकून पाहिलं. या जातीच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते, उघडी, हरभऱ्याएवढी.

"काका, हे लाल काय आहे?"

दसऱ्याला लोक स्कूटरला हार घालतात. मी ड्राइव्हची पूजा करतो. ट्रे उघडून मधोमध हळदकुंकवाचं बोट टेकवतो, वर झेंडूची पाकळी ठेवतो. यंत्राचा मान ठेवायला नको? आणि होतं किती, चिमूटभर.

"भावजी, अक्कल वाहायची राहिली वाटतं सोबत," वहिनी म्हणाल्या. जमिनीवरून, डोळे पुसत.

मी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून लेन्स पुसली. सीतारामची डिस्क घातली. रेघ उठली आणि चढत गेली, कुठेही न अडखळता, अगदी वरपर्यंत. चेतनने आधी दोन प्रती काढल्या, एवढं शहाणपण त्याला होतं. मग त्याने ती लावली.

पडद्यावर काळ्या केसांचा सीताराम याच खुर्चीत बसला होता. घसा खाकरून बोलायला लागला. तो आवाज माझा कान विसरून गेला होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"चालू आहे का? बरं. प्रेमला, रडू नकोस, रेकॉर्डिंग वाया जातंय. सुरुवातीलाच सांगतो, वरच्या अनंताला आज मुद्दाम बोलावलेलं नाही. रागावेल. रागावू दे. तो आला की तोच बोलतो, आणि मी ऐकत बसतो, शाळेपासून हेच चाललंय. मला ते आवडतं, पण त्याला सांगू नका. उद्यापासून तर ऐकायचंच आहे, सगळा वेळ त्याचाच. मला बोलायला आजचा एकच दिवस आहे."

पुढेही तो बराच वेळ बोलत होता. मला नीट ऐकू आलं नाही.

चेतनने शेवटी ते थांबवलं. सीतारामने पाटी पुसली, लिहिली आणि माझ्यासमोर धरली : बोल आता.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. मग सीताराम इतकी वर्षं जे करत आला तेच मी केलं, नुसती मान हलवली.