मागांच्या आवाजात

बाबूरावांना टेलिफोन ऐकू येत नसे. जन्मभर इंदूरच्या एका मिलच्या विणाई खात्यात काम केलेल्या माणसाचे कान जसे होतात, तसेच त्यांचे झाले होते. डॉक्टरने त्यांच्या बायकोला, कमलला, समजावून सांगितलं होतं की जाड आवाज पोचतात, बारीक आवाज पोचत नाहीत. भांडं पडलं तर कळेल, पण स, श, त, थ ही अक्षरं वाटेतच गळून जातील आणि वाक्याचा नुसता सांगाडा कानाशी येईल. उरलेलं बाबूराव समोरच्याच्या ओठांवरून भरून काढत. ही विद्या त्यांच्या खात्यात सगळ्यांनाच होती. शेकडो माग एकदम चालू असले की ओरडण्यात अर्थ नसतो. तिथे माणसं आवाज न काढता, तोंड जरा जास्त उघडून, चार मागांपलीकडच्या माणसाशी बोलत, थट्टा करत, शिव्याही देत.

मिल बंद पडली तरी बाबूराव आणि त्यांचा जोडीदार तुकोजी यांची ही सवय सुटली नाही. कामगारांनी ठरवलं होतं की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आतला एकही माग बाहेर जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला गेटवर मोठा घोळका बसे. मग कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेम्पो चालवायला लागलं, कुणी विजय नगरकडे नव्या बिल्डिंगांवर चौकीदार झालं. शेवटी गेटसमोरच्या कडुलिंबाखाली रोज येणारे हे दोघेच उरले. दिवसभर ते आवाजाशिवाय बोलत बसत. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, दोन म्हातारे नुसतंच तोंड हलवताहेत.

कमलचा धाकटा भाऊ रघुवीर मँचेस्टरजवळ इंजिनिअर होता. त्याने दोघांची तिकिटं पाठवली, महिनाभर या, सगळं फिरवतो म्हणाला. बाबूरावांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे गेटवर गेले. कमलला त्या गेटची भीती वाटायला लागली होती. नवरा तिथे रोज थोडा थोडा संपत चाललाय, असं तिला दिसत होतं. म्हणून ती बाबूरावांच्या नकळत तुकोजीच्या घरी गेली आणि म्हणाली की तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत, भावजी.

तुकोजीची बायको शांता भाजी निवडत होती. तुकोजी लगेच म्हणाला, "ले जाओ वहिनी, बिलकुल ले जाओ. आपले लूम तिकडूनच तर आले ना, लँकेशायरहून. पाहून तर येऊ दे त्याला, लुमांचं मायका कसं आहे ते."

"आणि गेट?"

"गेट मी आहे ना. एकटा पुरेसा आहे मी."

तुकोजीनेच दुसऱ्या दिवशी बाबूरावांना राजी केलं. कमल आपल्याकडे आली होती, हे त्याने सांगितलं नाही.

इंग्लंडला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरहून फोन आला. फोनवर ऋषी होता, कमलचा मुलगा हृषीकेश. बूथमधून बोलत होता, त्यामुळे भराभर बोलत होता. आई-बाबा निघाले त्याच दिवशी ट्रक आले होते. बरोबर पोलीस होते आणि कागदही होता. माग आतल्या आत घणाने फोडले आणि भंगार म्हणून भरून नेले. तुकोजीकाका संध्याकाळपर्यंत उभे होते, कुणाशी बोलले नाहीत. आज सकाळी गेटसमोरच त्यांनी विष घेतलं. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

स्वयंपाकघराच्या काचेतून कमलला बाबूराव दिसत होते. रघुवीरची बायको प्रमोदिनी त्यांना गवत कापायचं यंत्र दाखवत होती आणि ते खाली वाकून त्याची पाती पाहत होते.

रघुवीरचं म्हणणं सरळ होतं. जिजाजी आता परत जाऊन करणार काय? आपण पोचेपर्यंत अग्नी दिलेला असेल. तिकिटं बदलून मिळायची नाहीत. माणसाने आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर पाऊल टाकलंय, चार जागा पाहू दे त्याला. निघायच्या आदल्या दिवशी सांगू. कमल ऐकत होती आणि मान हलवत होती. पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. आत्ता सांगितलं तर बाबूराव एकच विचारतील, मला गेटवरून उठवलं कुणी?

"ठीक आहे," ती म्हणाली. ती फारच लवकर म्हणाली, हे तिचं तिलाही कळलं.

दोन दिवसांनी ऋषीचा पुन्हा फोन आला. बाबांना सांगितलं ना, त्याने विचारलं. शांताकाकू सारखी विचारतेय.

"सांगितलं," कमल म्हणाली. "फार लागलंय त्यांना. बोलत नाहीत कुणाशी."

बाबूरावांना फोन ऐकू येत नाही हे ऋषीला ठाऊकच होतं. त्यांना दे, असं तो म्हणाला नाही. हे खोटं इतकं सोपं असेल असं कमलला वाटलं नव्हतं.

मग त्यांचं फिरणं सुरू झालं. रघुवीरने सुट्टी काढली होती. तळ्यातली बोट झाली, लंडनचा राजवाडा झाला, एका जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून झालं. बाबूरावांना सगळ्याचं कुतूहल होतं. मनोऱ्यातलं घड्याळ कशावर चालतं, बोटीचं इंजिन किती ताकदीचं, हे ते रघुवीरला विचारून घेत आणि मग कमलकडे वळून म्हणत, "हे तुकोजीला सांगितलं ना, तर म्हणेल, फेकू नको भिया." कमल हसे. घरात त्या विषयावर काही बोलायचं झालं तर तिघंही बाबूरावांकडे पाठ करत, नाही तर तोंडासमोर चहाचा कप धरत. कधी कधी कमलला वाटे, आज सांगावं. पण सांगायचं म्हणजे नुसती बातमी सांगून भागणार नव्हतं, आपण फोनवर काय बोललो तेही सांगावं लागलं असतं. प्रत्येक दिवसागणिक ते जास्त अवघड होत गेलं.

जुनी मिल पाहायला न्यायची कल्पना प्रमोदिनीची. तिथे आता विकायला सूत कातणं नाही, विणणं नाही. माल काढणं कधीच बंद झालं होतं. गावाने ती मिल जपून ठेवली होती आणि येणाऱ्यांना दाखवायला रोज थोडा वेळ माग चालवत. भावोजींना आवडेल, ती म्हणाली. कमलला नको होतं, पण नको म्हणायला कारण सापडेना.

त्याच दिवशी सकाळी, निघायच्या गडबडीत, ऋषीचा फोन रघुवीरने घेतला होता. तो काय म्हणाला हे विचारायला कमलला सवड मिळाली नाही, कारण बाबूराव बूट घालून शेजारीच उभे होते.

आत गेल्यावर बाबूराव एका मागाजवळ थांबले आणि त्याच्या ओतीव चौकटीवर त्यांनी हात ठेवला. तसाच माग, तीच चौकट. एप्रन घातलेल्या एका म्हाताऱ्याने दांडा ओढला. एक माग चालू झाला, मग दुसरा, मग सगळी ओळ. लाकडी फरशी हादरायला लागली. आलेल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. एक लहान मूल रडायला लागलं. त्याचं रडणं नुसतं दिसत होतं. बाबूराव मात्र सरळ उभे राहिले. कमलने किती तरी दिवसांत त्यांना असं मान वर करून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मागांच्या पलीकडच्या बाजूला रघुवीर आणि प्रमोदिनी उभे होते. एवढ्या आवाजात आपलं बोलणं कोण ऐकणार, असं रघुवीरला वाटलं असणार. ऋषी सकाळी फोनवर काय म्हणाला, ते सांगायचं राहिलं होतं. तो बायकोकडे झुकला आणि मोठ्याने, शब्द सुटे सुटे करत सांगायला लागला, जसं गोंगाटात कुणीही सांगेल.

कमलने आधी भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. बाबूरावांची नजर रघुवीरच्या ओठांवर होती.

जगभरच्या माणसांसाठी ती जागा बोलायला सगळ्यात वाईट होती. एकट्या बाबूरावांना तिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येत होतं.

कमलनेही इतकी वर्षं या माणसाशी संसार केला होता. थोडं तिलाही वाचता येत होतं. क आणि ळ ओठांवर दिसत नाहीत, पण तुकोजी हे नाव दिसतं, कारण दोनदा ओठांचा चंबू होतो. तो तिला दिसला. मग पुढचं तुटक तुटक कळत गेलं. दहावा. घाट. दुपारपर्यंत बसून. कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा करून. आणि रघुवीरने खांदे उडवले, थोडासा हसला, कारण असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

कुणी मेलं असं तो म्हणालाच नव्हता. ते म्हणायची गरजही नव्हती.

बाबूराव कमलकडे वळले. आवाज न काढता, गेटवर बोलत तसं, त्यांनी विचारलं, "तुकोजी गेला?"

तिने मान हलवली.

"कधी?"

ती सांगू लागली. घशातून आवाज येतोय की नाही, हे तिलाही कळत नव्हतं. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. लूम नेले. सगळे फोडले. त्याने विष घेतलं. बाबूराव तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द घेत होते. मधेच म्हाताऱ्याने दांडा मागे लोटला आणि एकेक करून माग थांबले. पूर्ण शांत झालं. लोक कानांवरचे हात काढून हसायला, बोलायला लागले. त्या शांततेत आपलं बोलणं आता सगळ्यांना ऐकू जाईल, हे कळून कमलही थांबली. फोनचं सांगायचं राहून गेलं.

रघुवीरने जवळ येऊन विचारलं, "कसं वाटलं जिजाजी?"

"चांगलं ठेवलंय," बाबूराव नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले. काही लोक वळून पाहायला लागले.

उरलेले दिवस रघुवीर नेईल तिथे बाबूराव गेले. कमलशी भांडले नाहीत. त्यांना कळलंय हे कमलकडून समजल्यावर रघुवीरने दोनदा विषय काढून पाहिला, तेव्हा तुझा काय दोष, एवढंच बोलले. किल्ला पाहिला, समुद्र पाहिला. यंत्रांबद्दल मात्र काही विचारलं नाही. कमलला वाटत राहिलं, ते विचारतील तेव्हा सगळं सांगून टाकू. त्यांनी विचारलं नाही.

इंदूरला उतरल्यावर बाबूराव घरी थांबलेच नाहीत. बॅगा ऋषीच्या ताब्यात देऊन तुकोजीच्या घराकडे निघाले. ऋषीला बाजूला घेऊन सांगायचं कमलने विमानात ठरवलं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. तीही मागोमाग निघाली. वाटेत मिलचं गेट लागलं. आतली शेड छपरापर्यंत रिकामी दिसत होती. बाबूराव तिथे थांबले नाहीत.

शांता ओसरीवर बसली होती. तिने बाबूरावांना बसायला सांगितलं. आपला चेहरा उजेडाकडे केला आणि शब्द नीट उघडून बोलायला लागली, कारण तीही विणाई खात्यातल्या माणसाचीच बायको होती.

"ऋषी म्हणाला, तुम्हांला लगेच कळवलं म्हणून. भावजी, मी सगळ्यांना सांगत होते. ते येतील. आले नाहीत तर दोन शब्द तरी कुणाकडून पाठवतील. दहाव्याला कावळा बसेना. पिंडाजवळ यायचा आणि परत फिरायचा. गुरुजी म्हणाले, कशात जीव अडकलाय, बोला. पोरांचं सांगून झालं, मिलचं झालं. मग मी तुमचं नाव घेतलं. म्हटलं, बाबूराव येतील, मिलचं काय ते बघतील. तरी नाही शिवला. त्यांनाही ठाऊक असेल, तुम्ही येणार नाही ते. एक विचारू? तुम्हांला कळलं होतं ना, त्याच दिवशी?"

कमल दाराच्या चौकटीत उभी होती. घर इतकं शांत होतं की शेजारच्या नळाची धार ऐकू येत होती. इथे बोललेलं शांताला स्वच्छ ऐकू गेलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी खोटं बोलले, त्यांना माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं.

बाबूरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या उघड्या ओठांकडे ते पाहत राहिले. खात्यात समोरच्याचे ओठ हलायची वाट पाहावी, तसे. ओठ हलले नाहीत.

मग ते शांताकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "कळलं होतं."

शांताने मान हलवली. उठून आत गेली. तिने पाणी आणलं, पण तांब्या बाबूरावांच्या हातात दिला नाही. त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि पुन्हा आत निघून गेली.