शिल्लक क्लोरीन

अख्खं गाव माझ्या हातचं पाणी पितं आणि माझी सासू पीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कालव्याकाठच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर मी अकरा वर्षं आहे, आणि सासूबाई, मा न्हान, अजून नदीचं पाणी रांजणात भरून त्यात तुरटी फिरवतात. यंदा दोनदा हगवणीने दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तिसऱ्यांदा काही खरं नाही. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

"मा, निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत."

"तुझ्या नळाच्या पाण्याला वास मारतो, टुयेत."

"मग रांजणातलं उकळून प्या."

"उकळलेलं पाणी मेलेलं असतं. मी अजून मेले नाही."

मी मुलखाची तोंडाळ. "याच चालीने जाल," म्हणून गेले, आणि मग जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर नेलं. तुरटीच्या टाकीत पाती आधी भरभर फिरतात, पुढच्या टाकीत हळूहळू. गाळाचे कण एकमेकांना धरून पिंजलेल्या कापसासारखे फुलतात आणि तळाला बसतात. मा कठड्याला धरून बघत राहिल्या.

"हे तर माझंच फिरवणं. आधी जोरात, मग अलगद. मशीनला कुणी शिकवलं गं?"

"असेल कुणाची तरी सासू."

गालातल्या गालात हसल्या. वाळूच्या गाळणीपर्यंत खुशीत होत्या. क्लोरीनच्या खोलीपाशी मात्र गळ्यातला चौकड्याचा पंचा नाकाला लावून मागे फिरल्या. मी हात धरला.

"तुझ्या सासऱ्यांच्या वॉर्डात नऊ दिवस हाच वास होता," त्या म्हणाल्या. "फरशीला, चादरीला. त्यांना नेलं, तरी माझ्या केसांतून जाईना."

अकरा वर्षं मी त्यांना हटवादी म्हणत आले. मला माझीच लाज वाटली.

मग मी आपलं रोजचं काम केलं. बाटलीत पाणी घेऊन त्यात तपासणीची पूड टाकली. पाणी गुलाबी झालं.

"हे काय?"

"शिल्लक क्लोरीन. जंतू मारून झाल्यावरही थोडं उरावं लागतं, मा. पाइप लांबचा, कुठे फुटका. वाटेत काही शिरलंच तर हे सोबतीला असतं, तुमच्या नळापर्यंत."

"म्हणजे तो वास राखणीचा?"

"हो."

त्यांनी नाकावरचा पंचा खाली घेतला. मग म्हणाल्या, "एक पेला दे. गुलाबी नको, साधं."

अर्धा पेला प्यायल्या आणि डोळे भरून आले. आता थुंकतात की काय, म्हणून मी पुढे झाले.

"काय झालं, मा?"

"ह्यांच्या उशाशी बसल्यासारखं वाटलं," त्या म्हणाल्या. "अजून दे."